गिटारीची खोड

सर कुठलीही वस्तू आधी मागून बघायचे. नवी सायकल असो, शाळेत आलेलं लोखंडी कपाट असो, नाहीतर गावात मुलगी बघायला आलेला नवरदेव असो. सगळे समोरून न्याहाळत असताना सर हळूच मागे जाऊन उभे राहायचे, एक डोळा मिटायचे आणि मान तिरपी करून बराच वेळ बघत राहायचे. "तोंडाकडून समदंच देखणं असतं," ते म्हणायचे, "मागं उभं राहिलं की चाल कळती." त्या नवरदेवाची चाल काही त्यांना पसंत पडली नव्हती. पुढे लग्न झालं, संसारही चांगला झाला, पण सर मतावरून हलले नाहीत. जावई म्हणून ठीक आहे, बैल म्हणून घेतला नसता, एवढंच म्हणाले.

आम्ही दोघं पुसेगावकडच्या एका शाळेत शिकवायचो. ते भूगोल, मी मराठी. ते पन्नाशीला टेकलेले, मी नुकताच लागलेला. हिंगोली जिल्हा तेव्हा परभणीतून नवाच वेगळा झाला होता आणि वर्गातले नकाशे अजून जुनेच होते. सरांचं त्यावाचून काही अडत नव्हतं. ते खडू घेऊन आधी पूर्णा काढायचे, एका दमात, मग कयाधू, आणि मग त्या दोन नद्यांभोवती जिल्हा सावकाश उमटत जायचा. माझा तास नसला की मी मागच्या बाकावर जाऊन बसायचो. दुपारची वेळ, खिडकीतून येणारा तुरीच्या शेताचा वास, सरांचा एका लयीतला आवाज, आणि फळ्यावर वाहणारं पांढरं पाणी. मला हमखास गुंगी यायची. मुलं म्हणायची, मराठीचे सर झोपतेत. झोप नव्हती ती, पण मुलांना काय सांगणार.

सर मूळचे तांड्यातले. त्यांच्या पणजोबाच्या काळात त्यांचे लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखच्या मुलुख पालथे घालायचे. मग रेल्वे आली, मोटारी आल्या, बैल सुटले आणि तांडा शेतीला लागला. सरांच्या दारात बैल नव्हता, मोटारसायकल होती. पण बैल पारखण्याची विद्या वारशाने आलेली, आणि ती चालवायला बैलच नाही, म्हणून ते ती मिळेल त्या वस्तूवर चालवायचे. आठवडी बाजारात वांगी घेतानासुद्धा खांद्यावरची दस्ती पुढे करायचे. जनावरांच्या बाजारात घेणारा आणि विकणारा त्या फडक्याखाली हात धरतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात, बघणाऱ्यांना कळू नये म्हणून. भाजीवाली मावशी मात्र हात मागे घ्यायची. "सर, वांगे तोंडानं मागा बरं," ती म्हणायची. सर खिन्न होऊन तोंडाने मागायचे.

याच सुमारास त्यांना ऐकू कमी यायला लागलं होतं. हे मुलांना सगळ्यांत आधी कळलं. सर फळ्याकडे वळले की वर्गातून भुंग्यासारखा आवाज निघायचा, वाढत वाढत जायचा, आणि सरांची नदी आपली संथ वाहत राहायची. मग शिक्षकांना कळलं. सरांना स्वतःला कळलं होतं की नाही, ते सांगणं अवघड आहे. त्यांच्या लेखी जगच हळूहळू धिमं होत चाललं होतं. शाळेची घंटा तडकली आहे, असं ते मुख्याध्यापकांना सांगून आले. मास्तर लोक अलीकडे पुटपुटून राहिलेत, अशी त्यांची तक्रार होती. एकदा मधल्या सुट्टीत आम्ही लिंबाखाली बसलो होतो. झाडावर साळुंक्यांनी नुसता उच्छाद मांडला होता. सर बराच वेळ वर बघत राहिले आणि म्हणाले, "काहून हो सर, यंदा पाखरं मुकी मुकी दिसून राहिली?" मी नुसतं वर झाडाकडे बघितलं.

त्यांच्या घरी गेलो की वहिनी चहा टाकायच्या आणि सर बाहेर गेले की माझ्याशी बोलायच्या. "भाऊ, तुमी सांगा त्यास्नी. एकदा नांदेडच्या डॉक्टरला कान दाखवा म्हणावं. मशीन बसवलं तर बराबर ऐकू येतंय म्हणतेत. मी बोलले तर म्हणतेत, तूच हळू बोलून राहिली." त्यांच्या आवाजात चीडही होती आणि भीतीही. मुलांनी वर्गात चालवलेली टवाळी त्यांच्यापर्यंत पोचली होती. असंच चाललं तर उद्या नवऱ्याला वर्गावरून उठवून ऑफिसात कागद लावायला बसवतील, हे त्यांना दिसत होतं. ज्या माणसाला शिकवण्याखेरीज काही येत नाही, तो कपाटाजवळ बसून काय करणार? मी सांगतो म्हणालो. पण हे कसं सांगायचं ते मला उमगत नव्हतं. साळुंक्यांच्या बाबतीतच जमलं नव्हतं.

माझ्या खोलीत खिळ्याला एक जुनी गिटार टांगलेली होती. औरंगाबादला कॉलेजात असताना मित्रांच्या नादाने घेतलेली, मानेत वाकलेली, सुरात न लागणारी. एका संध्याकाळी सर आले, ती उतरवून घेतली, एक डोळा मिटून शेवटाकडून बघितली आणि म्हणाले, "पाठ मोडलेली हाय बिचारीची." निदान अचूक होतं. मग तिला मांडीवर घेऊन ते बसले आणि बोलायला लागले.

ते लहान होते तेव्हा सिद्धेश्वरच्या धरणात पहिल्यांदा पाणी अडलं होतं. ते काठावर गुरं राखायचे. पलीकडे इंजिनीअर लोकांच्या तंबूंची रांग होती. दिवस मावळताना तिकडून कोणीतरी काहीतरी वाजवायचं. काय ते त्यांना दिसत नव्हतं, नावही माहीत नव्हतं. "पाण्यावरून चालत यायचा तो आवाज," सर म्हणाले. "बैल चरायचे थांबायचे. मला वाटायचं, पाणीच वाजून राहिलं. याडीला जाऊन सांगितलं तर ती म्हणली, नव्या पाण्याला आवाज असतो." याडी म्हणजे त्यांची आई. गिटार हे नाव त्यांना कितीतरी वर्षांनी कळलं. "आता एक घ्यावी म्हणतो. लवकर घ्यायला पाहिजे."

एवढं म्हणून त्यांनी गिटार परत खिळ्याला टांगली.

गिटार घ्यायची ती मधल्या भावाची, यावर ते ठाम होते. "स्वस्त मालात माणूस येडा ठरतो अन् महाग मालाचा गडी होतो," ते म्हणाले. "महाग बैल घेतला की त्याला पाऊस लागंल म्हून आपण भिजायचं. मधल्या भावात खरी परीक्षा. तितं निम्मे चोर असतेत, निम्मे साव." मला हे आजही पटतं. मधल्या भावाच्या गिटारीत सगळं असतं असं दिसतं. चकचकीत रंग असतो, वायर लावायची सोय असते, कडेला बटणांची रांग असते. लाकूड मात्र खरं आहे की नाही ते शोधावं लागतं.

हिंगोलीत एक दुकान होतं. पुढे क्रिकेटच्या बॅटी, कॅरम आणि स्पर्धांच्या ढाली, मागे हार्मोनियम, ढोलक आणि भिंतीला टांगलेल्या दोनचार गिटारी. दुकानाचे मालक एक वयस्क चाचा. आम्ही रविवारी जायला लागलो. सर गिटार दुकानात बघायला तयारच नसत. ती रस्त्यावर उन्हात आणवत, मला धरायला लावत आणि मागून बघत. दांड्यावरच्या पट्ट्यांच्या कडांवरून खरारा केल्यासारखा तळवा फिरवत, कुठे बोचतंय का ते पाहत. पोटावर बोटाच्या पेराने ठोकत. मधल्या भोकाला नाक लावून वास घेत. येणारे-जाणारे थांबायचे. चाचा कपाळाला हात लावायचे, पण मनातून त्यांनाही मजा येत असावी, कारण खुर्च्या तेच बाहेर आणायचे.

गंमत अशी की सरांची तपासणी आणि माझी तपासणी बरीचशी एकच होती. दांडा सरळ आहे का, हे मागूनच कळतं. पट्ट्यांची टोकं बोचत असतील तर कारागिराने घाई केलेली असते. भोकाच्या कडेला लाकडाच्या रेषा वरून आत सरळ उतरत असतील तर फळी सलग आहे, नसतील तर पातळ थर चिकटवलेले आहेत. हे मी सांगितलं तेव्हा सर खूश झाले. "म्हंजे दात बघायचे," ते म्हणाले आणि पुढे प्रत्येक गिटारीचे दात बघू लागले.

पण विद्येचा कधीकधी अतिरेक व्हायचा. चाचांनी एकदा मोठ्या हौसेने एक गिटार मागवली. दिसायला, वाजायला, किमतीला, सगळ्या बाजूंनी उत्तम. मी तर मनातून ती घेऊनच टाकली होती. सरांनी ती उलटी केली आणि त्यांचा चेहरा पडला. पाठीच्या लाकडात, कमरेजवळ, एक गोल गाठ होती, भोवती रेषांचं वळण. "भोवरा," ते म्हणाले. "पाठीवर भोवरा असलेला बैल मालकाला घर सोडायला लावतो." मी हसलो, समजावलं, शेवटी वैतागलो. सर मागे हटले नाहीत. दुसऱ्याच रविवारी ती गिटार एका ऑर्केस्ट्रावाल्याने नेली. तो मोठ्या आनंदात होता. सरांनी त्याच्याकडे करुणेने पाहिलं.

वायरीचंही तसंच. चाचांना वाटायचं, करंटवर वाजणारी गिटार सर नुसती ऐकतील तर बिनतक्रार घेतील. त्यांनी एकदा न विचारताच वायर खोचली, आवाज मोठा करणारी पेटी चालू केली आणि माझ्या हातात गिटार दिली. मी एकच तार छेडली. त्या क्षणी सरांचा चेहरा मी पाहिला. तो लहान मुलासारखा उघडला. कितीतरी दिवसांनी कोणीतरी त्यांना नीट हाक मारली होती. मी आणखी दोन तारा छेडल्या, आणि मग सरांनी आपण होऊन तोंड मिटून घेतलं. "वायर काढा," ते म्हणाले. "शिंगं रंगवलेला बैल दाखवू नका मला."

वायरीशिवाय मात्र प्रत्येक गिटारीबद्दल त्यांचं एकच म्हणणं असायचं. आवाज दबका आहे. कोरी, जुनी, मोठी, लहान, सगळ्या दबक्या. चाचांनी नांदेडहून आणवल्या, हैदराबादहून आणवल्या. शेवटी एक आली ती खरोखरच चोख होती. दांडा सरळ, फळी सलग, खुंट्या पक्क्या, दांड्याच्या मध्यावर तार दाबली तरी सूर जागचा न हलणारा. वायर लावली तरी घरघर नाही. आवाज असा मोकळा की छेडल्यावर दुकानातल्या ढाली बारीक किणकिणल्या. मी सरांना म्हणालो, या भावात यापेक्षा चांगली मिळणार नाही.

"दबकी हाय," सर म्हणाले.

चाचांचा संयम सुटला. "सर, आप हर गिटार को यहीच बोलते. सौ गिटारां दबकी कैसी होतीं? एक बार सोचो तो."

चाचांना जे म्हणायचं होतं ते मला कळलं, आणि मला वाटतं सरांनाही कळलं. ते गिटारीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग त्यांनी दस्ती काढली आणि चाचांपुढे धरली. चाचांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हसून हात आत घातला. दोघांची बोटं फडक्याखाली हलत राहिली. भाव काय ठरला ते मला आजवर माहीत नाही.

"भाव ठरला, दोरी अजून तुमच्याकडंच," सर म्हणाले. "आमच्यात बैल एक दिवस जुंपून बघतेत. पसंत पडला तर ठेवायचा. न्हाई पडला तर वापस करताना चार माणसांत खोड सांगायची. खरी खोड. खोटी खोड काढली तर बैलाचं नाव जातं अन् बाजारात त्याला कुणी हात लावत न्हाई. मुकं जनावर, त्याला थोडंच सांगता येतंय."

"ले के जाव सर," चाचा म्हणाले. "जुंपो उसकू."

गिटार जुंपायची कुठे, हे मला विचारावं लागलं नाही.

थंडीचे दिवस होते. दुपार कलल्यावर आम्ही मोटारसायकलवर निघालो, गिटार माझ्या पाठीला. औंढ्याच्या पुढे रस्ता सुना झाला. हरभऱ्याची शेतं, मध्येच करडईची पिवळी पट्टी, आणि मग एकदम पाणी. सिद्धेश्वरच्या पाण्याला त्या दिवशी हालचालच नव्हती. वरचं आभाळ आणि खालचं आभाळ यांच्या मधोमध आपण कुठेतरी बसलो आहोत असं वाटत होतं. सरांनी मला काठावरच्या एका दगडावर बसवलं.

"तुमी हितं वाजवा. मी काठानं चालत जातो. ऐकू येतंय तवर माझा हात वर राहील. तुमच्याकडं पाठ करून जातो, म्हंजे बोटं दिसणार न्हाईत." हेही त्यांनीच ठरवलं. त्या माणसाला स्वतःशीसुद्धा लबाडी करता येत नव्हती.

तिथे काठ मोठं वळण घेऊन समोर येतो आणि मधे पाणी राहतं. त्या वळणाच्या पार टोकाला एक मासेवाला जाळं मांडीवर घेऊन गुंता सोडवत बसला होता. सर चालू लागले. मी वाजवायला लागलो. फार काही येत नव्हतं मला, तीनचार सूर पुन्हा पुन्हा. पण गिटार काय सुंदर वाजत होती. एकेक सूर पाण्यावर उतरायचा आणि घाई न करता पलीकडे जायचा. सर हात वर करून, संथपणे, वर्गात परवानगी मागणाऱ्या मुलासारखे चालले होते. मी मनात म्हणत होतो, जाऊ द्या, अजून जाऊ द्या.

हात खाली आला. फारच लवकर आला. ते वळणाच्या सुरुवातीलाही पोचले नव्हते.

मी थांबलो नाही. जोर लावला. सर तिथेच उभे होते, मान किंचित तिरपी. मग ते वळले आणि मला ओरडून म्हणाले, "दबकी हाय!" मी दमून हात थांबवला. तेवढ्यात पलीकडच्या टोकावरून आवाज आला, पाण्यावरून, अगदी स्वच्छ. "थांबले काहून? वाजवा की."

सरांना ते ऐकू आलं नाही. पण मी तिकडे पाहतोय हे त्यांनी पाहिलं आणि तेही तिकडे वळले. मी पुन्हा सुरू केलं. मासेवाल्याने जाळं खाली ठेवलं होतं. तो आमच्याकडे तोंड करून बसला होता आणि त्याचा पाय ठेका धरत होता. सर आम्हा दोघांच्या मधे उभे होते. मी तार धरली की पलीकडचा पाय थांबायचा, सोडली की हलायचा. सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग सावकाश वळण चालून ते त्याच्यापर्यंत गेले. त्यांचं बोलणं पाण्यावरून माझ्यापर्यंत आलं.

"ऐकू येतंय का तुला?"

"व्हय की. मंघापासून ऐकून राहिलो. लई गोड हाय."

सर माघारी यायला बराच वेळ लागला. मी वाजवणं बंद केलं होतं. त्यांना येताना बघून, वहिनींचा निरोप इतक्या महिन्यांत मी देऊ शकलो नाही तेच बरं झालं असं वाटत होतं, कारण माझ्या तोंडून तो उघडानागडा निघाला असता. सर दगडावर माझ्या शेजारी बसले. गिटार मांडीवर घेतली. उलटी करून पाठ बघितली, सुलटी केली.

"गिटार चोख हाय," ते म्हणाले. "चाचाला सांगू, खोड न्हाई तिच्यात."

पाण्यावरचं ऊन तांबूस होत चाललं होतं.

"तुमच्या वहिनीनं तुमाला काही सांगायला लावलं होतं न्हवं, मला?"

मी मान हलवली.

"मंग तिला म्हणावं, सांगितलं. अन् नांदेडला कवा जायचं ते तिनंच ठरवावं."

त्यांनी गिटार परत माझ्या हातात दिली. पलीकडे मासेवाला अजून तसाच बसून होता.

"वाजवा," सर म्हणाले. "तो माणूस खोळंबलाय."

मी वाजवायला लागलो. सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही, गिटारीकडेही पाहिलं नाही. ते पलीकडच्या माणसाचा हलणारा पाय बघत बसले, आणि हळूहळू त्यांचं बोट गुडघ्यावर त्या पायाबरोबर हलू लागलं.